सांगलीहून आलेली दोन उत्तरं

मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. घोडा अडीच घरं उडी मारतो आणि राजाला कुणी मारत नाही, एवढ्यावर माझं ज्ञान संपतं. तरीही जर्मनीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींत बुद्धिबळाचं पत्रक नियमाने घरी येणारी, ते आल्या आल्या फोडणारी आणि मागच्या पानापासून बघणारी बाई मी एकटीच असेन. झेरॉक्स केलेली पानं मधोमध दुमडून दोन पिना मारलेली आणि वर पिवळा कागद, असं त्याचं रूप होतं. आमच्या ब्रीफकास्टनवर, म्हणजे खालच्या पत्रपेटीवर, ‘कृपया जाहिराती टाकू नयेत’ अशी चिठ्ठी होती, तरी पिझ्झावाल्यांचे कागद पडायचेच. त्यांत तो पिवळा कागद दिसला की नंतर नंतर मला तो उचलायची भीती वाटायची. आधी तसं नव्हतं. आधी मला त्याचं कौतुक होतं.

ते यायचं माझ्या सासऱ्यांसाठी. बाबा सांगलीला असायचे, पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात सगळी नोकरी घालवून निवृत्त झालेले. लग्नानंतर मी त्या घरात गेले तेव्हा लोकांच्या घरी पितळेची भांडी मांडतात तिथे यांच्याकडे मासिकं होती. खाकी पुठ्ठ्यात वर्षावर्षाचे अंक बांधून घेतलेले, पाठीवर बाबांच्या नकाशातल्या अक्षरांत साल. रशियात छापलेलं इंग्रजी मासिक होतं, मद्रासहून येणारं एक होतं, आणि मुंबईचं एक, जे वर्गणी घेऊन चार-सहा अंकांतच बंद पडलं. त्या मुंबईच्या मासिकाबद्दल बाबा एखाद्या वाया गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. रागावून, पण जिव्हाळ्याने.

बुद्धिबळाचं मासिक ते मागून पुढे वाचायचे. आधी शेवटचं पान, कोड्यांचं. पटावर सोंगट्या मांडलेलं चित्र, आणि खाली लिहिलेलं असायचं की पांढऱ्याने दोन चालींत मात करायची. उत्तराच्या पानावर कॅलेंडरचा जुना कागद चापून लावलेला, नजर चुकूनही जाऊ नये म्हणून. सकाळी चहाबरोबर एक कोडं सुटलं पाहिजे, असा त्यांचा नेम. लोक रक्तदाबाची गोळी घेतात तसं ते कोडं घ्यायचे, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात थट्टेपेक्षा जास्त खरं होतं. बाबांच्या थोरल्या भावाने त्यांना हा खेळ शिकवला. तेच भाऊ शेवटच्या वर्षांत पटावरचा हत्ती हातात घेऊन ‘हे काय असतं रे?’ असं विचारायचे. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण कोडं सुटलं नाही त्या सकाळी ते कुणाशीच बोलायचे नाहीत, हे मी पाहिलं होतं.

फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला त्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे राहायला आले. आम्ही र्युसेल्सहाइमला होतो. नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या कामावर, आणि मी रोज एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, फ्रँकफुर्टमार्गे एश्बॉर्नला. माझं काम म्हणजे एखाद्या कंपनीच्या जुन्या सिस्टीममधली गिऱ्हाइकांची माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवायची, आणि हलवण्याआधी ती स्वच्छ करायची. एकच माणूस दोनदा नोंदला गेला असेल तर एक नोंद ठेवून दुसरी उडवायची, हा त्यातला मुख्य उद्योग. हे मी फार चोख करायचे. साहेब खूश होते, मीही स्वतःवर खूश होते.

त्या उन्हाळ्यात गाव नुसतं पेटलेलं होतं. गाड्यांना झेंडे, खिडक्यांना झेंडे, सामना संपला की हॉर्न. बाबा बाल्कनीत बसून हे बघायचे आणि विचारायचे, “एका चेंडूसाठी एवढं?” त्यांना फिरायला न्यावं कुठे हा प्रश्नच होता, तेवढ्यात ग्रंथालयातल्या फलकावर मला एक चिठ्ठी दिसली. शुक्रवारी संध्याकाळी ब्युर्गरहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात, बुद्धिबळाचा फेराइन, म्हणजे मंडळ, जमतो, कुणीही यावं. त्या शुक्रवारी नेमका जर्मनीचा सामना होता. आम्ही गेलो तर भल्यामोठ्या खोलीत फुटबॉलला कंटाळून पळून आलेले तीन म्हातारे बसलेले. बाबांना जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, इंग्रजी दोन्हीकडे जेमतेम. पण त्यातल्या एकाने पट मांडला, दोन मुठी पुढे केल्या, बाबांनी एका मुठीवर बोट ठेवलं, पांढरं प्यादं निघालं आणि माझं तिथलं काम संपलं.

घरी येताना बाबांच्या हातात कापडी पिशवी होती, जुन्या मासिकांनी भरलेली. त्या फेराइनच्या कपाटात असे गठ्ठेच्या गठ्ठे होते, आणि ज्याला हवे त्याने न्यावेत अशी तिथली रीत. जाड चकचकीत मासिकं होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक-दोन होती, आणि त्यांत तो पिवळा अंक होता. तो काढायचा त्या तिघांतलाच एक, शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. लिहिणार तो, टाइप करणार तो, पिना मारणार तो. बेकरीत पाव मागायला दोन महिन्यांत न शिकलेले बाबा जेवायच्या आत जर्मन सोंगट्यांची अक्षरं शिकून बसले. “एस म्हणजे घोडा, एल म्हणजे उंट, डी म्हणजे वजीर. आता काय राहिलं जर्मनमध्ये?” असं त्यांनी माझ्या लेकीला विचारलं. ती पाच वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. “आलेस,” ती म्हणाली. सगळंच.

त्या पिवळ्या अंकात बाबांना सापडली ती शिडी. मागच्या पानावर दर महिन्याला नवी कोडी, आणि त्याखाली सोडवणाऱ्यांची नावं, एकाखाली एक, गुणांच्या क्रमाने. उत्तर बरोबर आलं की गुण, गुण साठले की माणूस एकेक पायरी वर. जो टोकाला पोचला त्याला पुढच्या अंकाचं एक अख्खं पान मिळायचं. आपल्या आवडीचं कुठलंही कोडं त्याने तिथे द्यायचं, ते का आवडतं ते लिहायचं, आणि खाली त्याचं नाव, गाव. मग तो निमूटपणे शिडीच्या तळाला जाऊन पुन्हा सुरुवात करणार. नियम एकच कडक होता. कोडी स्वतः सोडवायची, संगणकाला विचारायचं नाही. तोवर संगणक असली कोडी चुटकीसरशी सोडवू लागले होते, आणि तपासायला कुणी येणार नव्हतं. म्हणून उत्तरांच्या खाली प्रत्येकाने एक ओळ लिहायची, ‘संगणकाशिवाय सोडवले’, आणि ज्याची त्याची अब्रू ज्याच्या त्याच्या हाती. बाबांना ही ओळ फार आवडली. नवऱ्याने त्यांना हौसेने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम भेट दिला होता, तो त्यांनी कधी पाकिटातून काढलाच नाही, जाताना आमच्याकडेच ठेवून गेले. “कोडं यंत्राला विचारायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवायचं,” ते म्हणाले होते.

जाताना बाबांनी वर्गणी भरली, पत्ता आमचा दिला, आणि सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. नवऱ्याने हात वर केले. तो उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. “तुझं जर्मन चांगलं आहे, तूच कर,” म्हणाला.

मग आमची पद्धत बसली. अंक आला की मी शेवटचं पान ऑफिसात स्कॅन करायचे, सांगलीतल्या एका सायबर कॅफेला पाठवायचे, तिथून बाबा छापील प्रत घेऊन यायचे. रविवारी इथे सकाळ आणि तिथे दुपार असताना इंटरनेटवरून फोन. आधीच्या काळी या फोनवर हवापाणी, लेकीचा खोकला, कुणाचं लग्न, असं सगळं व्हायचं. आता बाबा चष्मा लावून तयार. “लिही. पहिलं. हत्ती, ए चार.” दोन चालींच्या कोड्याला फक्त पहिली चाल कळवायची असते, त्यामुळे यादी आटोपशीर असायची. मागून सासूबाईंचा आवाज, “अहो, पुरे आता, मला बोलू द्या तिच्याशी.” लेक इथे खेळता खेळता जाहीर करायची की आजोबा परत आकडे सांगतायत. मी ते सगळं जर्मन अक्षरांत मास्तरांना मेल करायचे, खाली ती ओळ लिहायचे, आणि आइनझेंडेश्लुस, म्हणजे उत्तरं पोचायची शेवटची तारीख, कधी चुकू द्यायचे नाही. मला त्यात मजा यायला लागली. बाबा तळातून निघाले आणि एकेका जर्मन आडनावाच्या डोक्यावरून वर चढू लागले. त्या यादीत नावापुढे गाव लिहायची पद्धत होती. माइन्झ, डार्मश्टाट, वाल्डॉर्फ, आणि मध्येच सांगली. मी ते पान ऑफिसात मैत्रिणीला दाखवलं होतं. कशाला खोटं बोलू, मला माझ्याच नावाचा वाटावा इतका अभिमान वाटायचा.

दीडेक वर्षात बाबा टोकाच्या खालच्याच पायरीवर पोचले. त्यांचं आणि माइन्झच्या एका गृहस्थाचं जवळजवळ बरोबरीत चाललेलं. आपल्या पानावर कुठलं कोडं द्यायचं हे बाबांनी ठरवून ठेवलं होतं. थोरल्या भावाने त्यांना सोडवायला दिलेलं पहिलं कोडं. त्याच्याखालचा मजकूरही त्यांनी मला फोनवर सांगून ठेवला होता, जर्मनमध्ये नीट कर म्हणून.

त्याच सुमाराला सासूबाईंनी मला एकटीला फोनवर सांगितलं, “हल्ली हे जरा विसरतात गं. परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी आणलेलीच भाजी संध्याकाळी परत आणली.” आम्ही दोघी हसलो. पण दोघींच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहिलं ते दोघींना माहीत होतं.

पुढच्या रविवारी लेकीला ताप होता. एका हातात थर्मामीटर, कानाला फोन, आणि आवाज मध्ये मध्ये तुटत होता. बाबा सांगत होते, “चौथं. वजीर, एच पाच. आणि घोडा, सी सात.” मी लिहिलं. फोन संपल्यावर मेल करायला बसले तेव्हा लक्षात आलं की चौथ्या कोड्यापुढे दोन उत्तरं आहेत. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की कोड्याची पहिली चाल एकच असते. बाबांनीच सांगितलं होतं तसं.

उचलायचा फोन आणि विचारायचं, “बाबा, दोन कशी?” एवढं सोपं होतं. पण मी विचारलं नाही. सासऱ्यांना ‘तुमचा गोंधळ झालाय का’ असं कसं विचारायचं? त्यांना नक्की कुठलं ते सांगता आलं नाही तर? मला वाटलं, बिचाऱ्यांचं ठरत नसेल, म्हणून दोन्ही बोलून गेले. आणि दोन उत्तरं पाठवली तर बहुतेक गुणच मिळणार नाही, एवढ्या वर येऊन घसरतील. मग मी तो पाकिटातला प्रोग्रॅम नवऱ्याच्या लॅपटॉपवर चढवला. चित्र बघून बघून सोंगट्या मांडल्या. वजीर एच पाचवर नेला. यंत्राने लगेच सांगितलं, पुढच्या चालीला मात. झालं. एक बरोबर निघालं म्हणजे दुसरं चूक. मी घोडा उडवला, वजीर ठेवला, आणि खाली सवयीने लिहिलं, ‘संगणकाशिवाय सोडवले’. त्या क्षणी मला आपण फार समजूतदार सून आहोत असं वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण काय उगाच नाही आली.

पुढचा पिवळा अंक आला. चौथ्या कोड्याच्या उत्तराखाली मास्तरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. शब्दकोश लावून वाचल्या. कोडं रचणाऱ्याची चूक झाली होती. ठरलेलं उत्तर वजीर एच पाच, पण घोडा सी सातनेही मात होते. अशा दुसऱ्या वाटेला जर्मनमध्ये नेबेनलोजुंग म्हणतात. कोड्यातला हा दोष शोधून काढणं हे सोडवण्याहून अवघड, म्हणून दोन्ही चाली कळवणाऱ्याला जादा गुण. आणि इतक्या सगळ्या सोडवणाऱ्यांत तो फक्त एकाला सापडला होता, माइन्झच्या गृहस्थांना. ते शिडीच्या टोकावर गेले होते. अंकाचं पान त्यांचं.

मी स्वयंपाकघरात उभी होते. यंत्राला मी दुसरी चाल विचारलीच नव्हती. ज्या बाईला ऑफिसात पगारच मुळी याचा मिळतो की पहिलं बरोबर दिसलं म्हणून थांबू नकोस, दुसरंही उघडून बघ, ती बाई घरच्या माणसाच्या बाबतीत थांबली. कारण तिने आधीच ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नाही.

ते पान पाठवू नये असं फार वाटलं. पण पाठवलं. रविवारी बाबांचा आवाज बारीक होता. “अगं, चौथ्याला घोडाही होता की. मला दिसला होता. सांगायचा राहिला वाटतं माझ्याकडून.” मग म्हणाले, “मला वाटतंय मी सांगितला होता. पण तू लिहिलं असतंस ना, सांगितला असता तर.”

मी आवाज तुटतोय असं काहीतरी पुटपुटले. फोन ठेवल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सांगू नकोस हं. काय सांगशील? तुम्ही भ्रमिष्ट झालात असं वाटलं म्हणून खोडलं?” आणि तिथेच तर सगळी मेख होती. बाबांचं डोकं शाबूत होतं हे सांगायचं तर मी ते शाबूत धरलं नव्हतं हेही सांगायला हवं. मी मास्तरांना मेल केली, चूक सासऱ्यांची नाही, माझी आहे, काही करता येईल का. त्यांचं उत्तर सभ्य होतं. अंक छापून गेला, आलेल्या उत्तरालाच गुण देता येतो, याचं त्यांना वाईट वाटतं. यंत्राचं मी त्यांना लिहिलंच नव्हतं. ते लिहायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरचे रविवार आठवले की अजून मान खाली जाते. बाबा एक चाल सांगायचे आणि मला वाचून दाखवायला लावायचे. मग म्हणायचे, “मी हेच म्हणालो ना?” मग पुन्हा. फोनजवळ सासूबाईंना बसवून ठेवायचे, साक्षीदार म्हणून. एकदा म्हणाले, “या महिन्यात राहू दे. डोळे दुखतायत.” मग पुढच्या महिन्यातही राहू दे. सासूबाईंनी सांगितलं की हे आपणहून डॉक्टरांकडे गेले होते, दादांना, म्हणजे थोरल्या भावाला, काय काय होत होतं ते सगळं सांगून आले, आणि तपासून घ्या म्हणाले. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे ठीक आहे. त्यावर यांचा विश्वास बसला नाही. “दादांनाही असंच सांगितलं होतं,” म्हणाले. खाई त्याला खवखवे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सांगलीला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत आले तर बाबा जमिनीवर बसून मासिकांचे गठ्ठे बांधत होते. कपाट अर्धं रिकामं. सुतळीचं एक टोक दातात धरून ते गाठ मारत होते. “वाचनालयाला देऊन टाकतो,” म्हणाले. “आता नुसती धूळ खातात. कुणी बघायची?”

मी समोर बसले आणि सांगून टाकलं. ठरवून केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. फोन तुटत होता, ताप होता, असं काहीबाही आधी सांगितलं, मग स्वतःचीच लाज वाटून ते सोडून दिलं. “बाबा, तुम्ही घोडा सांगितला होता. मी खोडला. यंत्राला विचारून खोडला.”

त्यांनी सुतळी सोडली. “सी सात?”

“हो.”

“मी सांगितला होता?”

“हो, बाबा. दोन्ही सांगितले होते. ‘आणि’ म्हणून सांगितले होते.”

ते उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, “अगं, ऐकलंस का? मी सांगितलं होतं!” सासूबाई पोळपाट सोडून, हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. बाबा त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला लागले, जणू मी नव्हे, त्यांनीच कुठून तरी बातमी आणली होती. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी विसरलेले नाही. डॉक्टरकडे बाबांच्या सोबतीला त्याच गेल्या होत्या.

थोड्या वेळाने बाबा पुन्हा खाली बसले. “तुला वाटलं मला भ्रम झालाय.”

“हो.”

“मलाही तेच वाटलं,” ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “सोड ती सुतळी. माझ्या नखांनी नाही सुटत. आणि ऐक. यापुढे मी सांगेन ते लिहायचं. बरोबर असो, चूक असो. यंत्राला विचारायचं नाही. शब्द दे.”

मी शब्द दिला आणि त्यांच्याबरोबर बसून सगळे गठ्ठे सोडले.

शिडी पुन्हा सुरू झाली. मधल्या महिन्यांत बाबा बरेच खाली आले होते, ते पुन्हा चढू लागले. आता ते प्रत्येक उत्तरामागे म्हणायचे, “एकच आहे हं. दुसरं नाही.” मला कोड्यात पडावं लागू नये म्हणून. माझी त्यांनी घेतलेली ही काळजी मला दर रविवारी टोचायची. वरच्या पायऱ्यांवर पोचायला वर्ष गेलं, थोडं जास्तच. मग एक महिना असा आला की आलेली सगळी कोडी बरोबर सुटली तर टोक त्यांचं. हिशेब त्यांनीच मला करून दाखवला. भावाच्या कोड्याचा मजकूर तयारच होता.

त्या रविवारी बाबा सांगत होते, “सहावं. उंट, बी दोन. आणि,” इथे आवाज उजळला, “आणि राजा, जी एक. दोन आहेत, अगं! दोन्ही लिही. नेबेनलोजुंग!” तो जर्मन शब्द त्यांनी इतका झोकात उच्चारला की मागून सासूबाई हसल्या.

मी लिहिलं. मेल तयार केली. ‘पाठवा’वर बोट नेलं आणि थांबले. शब्द दिला होता. पण जी बाई एकदा खोडून बसली तिचा हात कसला स्वस्थ बसतोय? मी लॅपटॉप उघडला, सोंगट्या मांडल्या. उंट बरोबर होता. राजा जी एकवर नेला. यंत्राने उत्तर दिलं. मात होत नव्हती. काळ्याचं एक प्यादं पुढे सरकत होतं आणि सगळं फिसकटत होतं. ते प्यादं बाबांना दिसलं नव्हतं. मी पुन्हा मांडून पाहिलं, चित्राशी ताडून पाहिलं. तेच.

खोट्या दोषाचा दावा केला तर गुण कापायचा, हा मास्तरांचा नियम मला आता पाठ होता. ‘आणि’पासून पुढचं खोडलं की बाबा टोकावर. त्यांना कधी कळलंही नसतं. किंवा लगेच कळलं असतं, पुढच्याच अंकात, राजाची चाल चूक असूनही गुण कापला नाही हे बघून. मग त्यांनी परत विचारलं असतं, मी सांगितला होता ना?

मी दोन्ही चाली पाठवल्या. खाली ती ओळ लिहिली.

अंक आला. बाबांचं नाव दोन पायऱ्या खाली होतं, आणि टोकावर वाल्डॉर्फचा कुणीतरी. बाबांचं पान दोनदा गेलं, एकदा मी खोडलं म्हणून आणि एकदा मी खोडलं नाही म्हणून. पान स्कॅन करून पाठवताना मी मेलमध्ये नेहमी लिहायचे तशी एकही ओळ लिहिली नाही.

रविवारी फोन लावला तेव्हा बाबा हसत होते. “चुकलो की गं! प्यादं बघितलंच नाही. एवढंसं प्यादं. समोर उभं होतं.” मग एकदम गंभीर झाले. “तू तपासलं नव्हतंस ना?”

“नाही, बाबा,” मी म्हणाले.

“शाबास,” ते म्हणाले. “हं, लिही. पहिलं.”